सगळं लिहिलंय, तरी फोन का येतात?

«ताई, आमचं घर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईच्या बाजूला. गेली सहा वर्षं ट्रेकला येणाऱ्यांची जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतो. दिवाळीत भाच्यानं वेबसाइट करून दिली. मजकूर मी स्वतः लिहिला, चार रात्री जागून. शाळेत निबंधाला मला कायम चांगले मार्क असायचे. रस्ता, जेवण, दर, इतिहास, सगळं आहे त्यात. तरी शुक्रवार-शनिवारी फोन थांबत नाही, आणि जे पानावर लिहिलंय तेच लोक विचारतात. लोक वाचतच नाहीत का? भाचा म्हणतो मजकूर कमी पडतोय, दीड हजार शब्द पाहिजेत, तरच गूगलवर वर येतं. बायको म्हणते, एवढं वाचणार कोण? पानाची लिंक पाठवतोय. कान धरा, पण खरं सांगा.» – एक वाचक, तालुका अकोले

दादा,

वहिनींचं बरोबर आहे. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण तुम्ही चार रात्री जागलात, म्हणून नीट सांगते.

तुमचं पान मी मोबाइलवरच उघडलं. तुमचे पाहुणेही तिथंच उघडणार, कुणी ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्यानं, कुणी आळेफाट्याला चहा पिता पिता. आधी गडाचा फोटो आला. फोटो झकास आहे. मग हे आलं:

«निसर्गाच्या कुशीत वसलेला, सह्याद्रीच्या उत्तुंग कड्याकपारींनी व खोल दर्यांनी नटलेला आणि इतिहासाची साक्ष देत दिमाखाने उभा असलेला किल्ले हरिश्चंद्रगड हा तमाम गिर्यारोहकांसाठी जणू स्वर्गच म्हणावा लागेल. येथे येणारा प्रत्येक पर्यटक येथील निसर्गसौंदर्याने मंत्रमुग्ध झाल्याशिवाय राहत नाही. अशा या पावन भूमीत आपले सहर्ष स्वागत करताना आम्हास मनस्वी आनंद होत आहे.»

अंगठ्यानं तीनदा वर सरकवलं तेव्हा हे संपलं. यातलं हरिश्चंद्रगड काढून राजगड घाला, काही बिघडत नाही. रतनगड घाला, तरी नाही. कुठल्याही गडाला बसतं असं हे आहे, म्हणजे लग्नात फिरणारा आहेर. कुणाकडून आला आणि कुणाला द्यायचा, काही फरक पडत नाही.

लोक वाचत नाहीत का, हा तुमचा खरा प्रश्न. वाचतात, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नीलसन आणि जॉन मॉर्क्स या दोघांनी १९९७ साली लोकांना पडद्यावर वाचताना पाहिलं. नवीन पान समोर आलं की १०० पैकी ७९ जण त्यावरून नुसती नजर फिरवत होते. शब्दन् शब्द वाचणारे होते १६. गंमत म्हणजे त्यांनी तपासायला घेतलेला मजकूर पर्यटनाचाच होता, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा. तिथंही सुरुवातीला असंच सगळं होतं, जगप्रसिद्ध स्थळं, लाखो पर्यटकांची गर्दी वगैरे. त्यांनी एकाच मजकुराच्या निरनिराळ्या आवृत्त्या केल्या. शब्द निम्मे केले, तर लोकांना पान ५८ टक्के जास्त कामाला आलं. निम्मे शब्द, नजरेला सापडेल अशी मांडणी आणि फुशारकी काढून टाकलेली भाषा, तिन्ही एकत्र केल्यावर तो आकडा १२४ टक्क्यांवर गेला. जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा लोक टेबलाशी बसून मोठ्या पडद्यावर वाचत होते. आता हातात चहा आहे, पडदा तळहाताएवढा आहे आणि वरून व्हॉट्सॲपचे निरोप टपकताहेत.

मी तुम्हाला निरोप पाठवून एका शनिवारचे फोन वहीत लिहून ठेवायला सांगितलं होतं, आठवतंय? तुम्ही एकोणीस फोनांची यादी पाठवलीत. पंधरा दिवस ती माझ्या टेबलावर आहे आणि खरं सांगते, तुमच्या पानापेक्षा ती यादी चांगली लिहिली आहे. नऊ जणांनी रस्ता विचारला. त्या नऊपैकी चौघं आधीच खिरेश्वरला जाऊन पोचले होते, म्हणजे डोंगराच्या पार पलीकडच्या अंगाला, पुणे जिल्ह्यात. पाच जणांनी विचारलं जागा आहे का आणि माणशी किती. दोघांनी गाडी कुठं लावायची ते. दोघांनी चढायला किती वेळ लागतो, एकाची आई साठीची होती. आणि एका बहाद्दरानं विचारलं, इंद्रवज्र (गडावरून धुक्यात कधीमधी दिसणारं गोल रंगीत कडं) किती वाजता दिसतं.

आता हीच उत्तरं तुमच्या पानावर शोधू. रस्ता आहे, पण सहाव्या परिच्छेदात, इतिहास संपल्यावर. दर आहेत, पण फोटोत. गाडीचा उल्लेख «प्रशस्त वाहनतळाची सोय» असा आहे. प्रशस्त म्हणजे किती, बस मावते का, रात्रभर ठेवली तर पैसे पडतात का? चढायचा वेळ कुठंच नाही. इंद्रवज्राला मात्र सबंध परिच्छेद दिलाय, तोही असा, की वाचणाऱ्याला वाटावं तिकीट काढलं की खेळ सुरू.

वहीतले प्रश्न आणि पानावरचा मजकूर एकमेकांना भेटतच नाहीत, एवढंच झालंय. लोक आळशी नाहीत. त्यांना जे हवं ते त्यांनी वरच्या दोन पडद्यांत शोधलं, सापडलं नाही, आणि खाली तुमचा नंबर दिसला. कुणीही हेच करेल. दर शनिवारी एकोणीस जण फुकटात तुमचा मजकूर तपासून देतात आणि कुठं काय कमी आहे ते तोंडी सांगतात. वर्तमानपत्रात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात घालवली मी, असले तपासनीस मला कधी मिळाले नाहीत.

आता एक कबुली. गेल्या मंगळवारी पुण्याहून चौघांसाठी चौकशी करणारी जी बाई होती, ती मी. माफ करा, पण तुम्ही कसं बोलता ते ऐकायचं होतं. तुम्ही जे सांगितलंत ते मी शब्दाला शब्द उतरवून घेतलं:

«पुण्याहनं ना? मग आळेफाट्यावरनं ब्राह्मणवाडा, कोतूळ करून या. नकाशात नुसतं हरिश्चंद्रगड टाकू नका, पाचनई टाका. नायतर तो तुम्हाला खिरेश्वरला नेऊन सोडतो, मग अख्ख्या डोंगराला वळसा. कोतूळ सोडलं की रेंजचा भरवसा नाही, तिथनंच मला एक फोन मारा, मी भाकरी टाकायला सांगतो. चढायला आम्हाला तास-दीड तास लागतो, तुम्ही अडीच-तीन धरा.»

चाळीस सेकंद. यात एक शब्द काढण्यासारखा नाही. प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याच्या एकेका चुकीला आधीच आडवं जातं. आणि «आम्हाला दीड, तुम्हाला तीन» हे तर शहरातून कुणी लिहूच शकणार नाही. हा माणूस चार रात्री जागून «मनस्वी आनंद होत आहे» का लिहितो?

मला वाटतं, निबंधाच्या मार्कांमुळे. शाळेत आपण लिहायचो ते बाईंना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी, दोन पानं भरतील इतक्या, आणि सुरुवात सजवून. बाई पळून जाऊ शकत नव्हत्या. शेवटपर्यंत वाचणं त्यांना भागच होतं. तुमच्या पानाचा वाचक कधीही पळू शकतो आणि त्याला काहीएक ठाऊक नाही. त्याच्याशी फोनवर बोलता तसंच बोला. मोबाइलवर मराठीतून बोलून टाइप करायची सोय गूगलनं २०१७ पासून दिली आहे. तिच्यापुढं बसा, समोर पाहुणा आहे असं धरा आणि बोला. विरामचिन्हं नसतील, चार शब्द भलतेच उमटतील, ते मागाहून दुरुस्त करा. कोऱ्या पानासमोर बसलात की तुमच्यातला निबंधवाला जागा होतो. बोलायला लागलात की तो झोपतो.

तुमच्याच शब्दांतून मी पानाची सुरुवात करून पाहिली. पटलं तर घ्या:

«हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेनं. पायथ्याला घरचं जेवण आणि रात्रीचा मुक्काम.

नकाशात ‘पाचनई’ टाका. नुसतं ‘हरिश्चंद्रगड’ टाकलं तर बरेच जण खिरेश्वरला पोचतात, ते डोंगराच्या दुसऱ्या बाजूला आहे. पुण्याहून: आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, पाचनई. मुंबईहून: कसारा, घोटी, राजूर, पाचनई. कोतूळ किंवा राजूर सोडण्याआधी आम्हाला फोन करा, पुढं रेंज मिळेलच असं नाही.

चढायला आम्हाला दीड तास लागतो. शहरातून येणाऱ्यांनी अडीच ते तीन तास धरावेत. नळीची वाट इथून नाही. ती बेलपाड्याहून आहे आणि दोराशिवाय, माहितगाराशिवाय तिच्या वाट्याला जाऊ नये.»

याच्या खाली लगेच दर, मग गाडी, मग जेवण. नळीच्या वाटेचं मी मुद्दाम घातलं. कुणीतरी चित्रफीत बघून तुमच्याकडे येतो आणि संध्याकाळी चार वाजता ती वाट विचारतो, असं तुम्हीच यादीच्या मागे लिहिलं होतं. जे तुमच्याकडे नाही तेही पानावर सांगावं लागतं. माझ्या धंद्यातली माणसं हे हमखास विसरतात.

इंद्रवज्राचंही तसंच. ते दिसतं गडावरच्या कोकणकड्यावरून, आणि त्या कड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळचं कोवळं ऊन पाठीमागून यायला हवं आणि समोर खाली दरीत धुकं भरलेलं हवं, तेव्हा कुठं ते गोल रंगीत कडं दिसायची शक्यता, आपली सावली मधोमध धरून. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते तिथून पाहिलं, असं सांगतात. तुमच्या पानावर तेवढं साइक्सचं आहे, पण ऊन-धुक्याचं नाही. दोन वाक्यांत ऊन-धुकं लिहा आणि पुढं स्पष्ट लिहा, «दिसेलच असं नाही. मी इथं जन्मलो, मला इतक्या वेळा दिसलंय.» आकडा तुमचा तुम्ही घाला. दोन असला तरी दोनच लिहा. पाहुण्याचा तुमच्यावर विश्वास बसतो तो अशा आकड्यानं, स्वर्ग-बिर्गानं नाही.

भाच्याकडे वळते. दीड हजार शब्दांचा नियम त्यानं कुठून आणला? गूगलनंच मजकुराबद्दलच्या आपल्या सूचनांत साफ सांगितलंय की अमुक इतके शब्द आम्हाला आवडतात असं काही नाही. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत «हरिश्चंद्रगड ट्रेक हरिश्चंद्रगड कॅम्पिंग हरिश्चंद्रगड स्वस्त मुक्काम» असं चाळीस वेळा लिहिलेलं सापडलं मला. बोटानं मजकूर निवडला आणि भूत दिसावं तसं निळ्या पट्ट्यात उगवलं. ते आजच्या आज काढायला सांगा, फायदा नाहीच, उलट अशा लपवाछपवीनं पान मागे ढकललं जातं. आणि पानाच्या आत, माणसाला न दिसणाऱ्या जागी शब्दांची जी यादी घातली आहे, तिच्याकडे क्रमवारीसाठी आम्ही बघत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय. त्यापेक्षा गडाचं आणि गावाचं नाव एकदा रोमन लिपीतही लिहा, कारण शोधणारे बरेच जण तसंच टाइप करतात. भाच्यावर रागावू नका. पोरानं वेबसाइट उभी केली, ती उघडतेही पटकन. त्याचं काम झालंय, तुमचं बाकी आहे.

दरपत्रकाचा फोटो फ्लेक्सवाल्याकडून आलेला दिसतो. पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात तुमचा फेटा बांधलेला फोटो. गावच्या फाट्यावर शोभेल, पानावर नको. फोटोतली अक्षरं शोधात सापडत नाहीत, मोबाइलवर भिंगातून पाहावी लागतात आणि रेंज कमी असेल तर फोटो उघडतच नाही, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा दर गायब. ज्यांना दिसत नाही ते फोनमधलं टॉकबॅक लावून मजकूर ऐकतात. तुमच्या पानावर त्यांना दराच्या जागी नुसतं «चित्र» ऐकू येतं. अंध माणूस गडावर कशाला येईल असं म्हणू नका. यावंसं वाटेल, किंवा पोराच्या शाळेच्या सहलीसाठी तो चौकशी करत असेल. दर साध्या अक्षरांत टाइप करा: जेवण माणशी इतके, मुक्काम माणशी इतके, तंबू इतके. तीन जागी «येथे क्लिक करा» लिहिलंय, तेही याच कारणानं बदला. ऐकणाऱ्याला तीनदा «येथे क्लिक करा» ऐकू येतं आणि कशासाठी ते कळत नाही. ज्या शब्दांवर बोट ठेवायचं तेच बोलके करा, «पाचनईचा नकाशा उघडा», «जागा आहे का ते विचारा» असं.

दरांच्या डोक्यावर तारीख हवी. यात माझेही हात पोळलेत. वर्तमानपत्रातून उठून पहिल्यांदा पडद्यासाठी लिहायला लागले तेव्हा एका निवासी शिबिराच्या पानावर मी लिहिलं, «यंदा प्रवेश मोफत, येत्या रविवारपर्यंत नावे नोंदवा.» छापील अंकात हे चालतं, कारण वर तारीख असते आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. ते पान तीन वर्षं तसंच राहिलं. तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ नातवाला आणि वळकटीला घेऊन बंद दारासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी मला फोनवर काही वाईट बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, «बाई, यंदा म्हणजे कुठलं हो?» तेव्हापासून यंदा, सध्या, नुकतंच, लवकरच हे शब्द दिसले की माझा हात आपोआप खोडरबराकडे जातो. तुमच्या पानावर «सध्या रस्त्याचे काम सुरू आहे» असं आहे. कधीचं सध्या? वनखात्याच्या शुल्काचंही तसंच. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथले दर आणि वर मुक्काम करायचे नियम बदलतात. चौकशी करून लिहा आणि शेजारी लिहा, «हे अमुक तारखेला तपासलं.» पाऊस लागायच्या आधी एकदा आणि उघडल्यावर एकदा सगळं पान वाचून काढायचं, जसं कौलं शाकारता तसं.

आता अक्षरांचं. वरच्या उताऱ्यात «खोल दर्यांनी» वाचलंत का? दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीच्या डोक्यावर तुम्ही समुद्र आणून ठेवलाय. तुम्हाला म्हणायचं होतं दऱ्या. कीबोर्डवर नेहमीचा र आणि य जोडला की रफार वर जाऊन बसतो. इथं तो आडवा र हवा, त्यासाठी ऱ वेगळा असतो, बहुतेक कीबोर्डांवर र दाबून धरला की सापडतो. पायर्या, येणार्या, दुसर्या, सगळीकडे हेच झालंय. यात एक मेख आहे: हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी उमटवता येतो, ऱ वापरून किंवा साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. म्हणजे पानात «पायऱ्या» शोधलं तर निम्म्या सापडतात आणि निम्म्या नाहीत. ॲ चंही तसंच. एकसंध ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समान असलेल्या अक्षरांच्या यादीत, २००८ साली आला, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवताहेत आणि अजून भागवतात. एक पद्धत धरा आणि बाकीचे सगळे शोधून बदलून घ्या. «स्वत:» मध्ये तुम्ही अपूर्णविरामाचे दोन ठिपके दिलेत. तो विसर्ग नव्हे, विसर्गाची कळ निराळी असते. दिसायला सारखं दिसतं, म्हणून मी इतके दिवस यावर लोकांशी भांडते आणि लोक मला खुळी समजतात.

इतिहासाच्या भागात मधल्या चार ओळींत नुसती खिळे सांडल्यासारखी अक्षरं आहेत. जुन्या पुस्तिकेची डीटीपीची फाइल कुणीतरी दिली असणार, ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या फोनवर असं दिसतं. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण करू नका. तो इतिहास शब्दशः उचललेला आहे. तोच मजकूर, त्याच चुकांसकट, मला आणखी दोन पानांवर दिसला. दुसऱ्याचं लिहिलेलं न विचारता घेणं हे एक, आणि पाहुण्याला तो तिथं आधीच वाचून झालाय हे दुसरं. तुमच्याकडे केदारेश्वराचं लेणं आहे. पिंडीभोवती चार खांब, त्यातला एकच धड उभा, चार खांब म्हणजे चार युगं असं लोक सांगतात. «सांगतात» हा शब्द ठेवा, तो गेला की दंतकथेची बातमी होते. याच्यापुढं तुमच्या घरात जे सांगत आले असतील ते पाच-सहा ओळींत लिहा आणि वेगळ्या पानावर ठेवा. वाट शोधणाऱ्याला ते आडवं येणार नाही, आणि ज्याला वाचायचं तो रात्री निवांत वाचेल.

भाषा शुद्ध हवी की बोलीतली, असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला घाबरत विचारलंय. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये सरकारनं मान्य केले आणि १९७२ मध्ये चार वाढवले. त्यांत बोलण्यातलं «असं केलं» हे बोलणं म्हणून लिहायला मुभा आहे, एरवी «असे केले». तुमचं पान म्हणजे पाहुण्याशी बोलणंच आहे, तेव्हा «केलं, आहे, मिळेल» असं बिनधास्त लिहा. फक्त एकाच वाक्यात «आपले स्वागत करताना» आणि «या की एकदा» असं नको. निम्मं धोतर, निम्मी जीन्स. «नायतर» चं मी «नाहीतर» केलं असतं, «भाकरी टाकायला सांगतो» ला हात लावला नसता. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कुणाकडून तरी तपासून घ्या. पाहुणा चुकेल म्हणून नव्हे. फुकटचं नावं ठेवायला जागा कशाला द्यायची?

तुमच्या पानावरचं एक वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलंय. अगदी तळाशी, नियम व अटींच्या खाली होतं: «पावसाळ्यात आमच्याकडे लाईट चार-चार दिवस नसते, तेव्हा मोबाईल चार्ज करून या, आणि गेली तर चुलीजवळ बसा, तिथं उजेड असतो.» हे तुम्ही बहुधा घाईत, मार्कांचा विचार न करता लिहिलं असणार. याला वर आणा, जेवणाच्या शेजारी.

सगळं बदलून झालं की प्रसिद्ध करायच्या आधी एक काम. गडावर कधीच न आलेला एखादा माणूस गाठा, मुंबईतला मेव्हणा असला तरी चालेल, मात्र भाचा नको. त्याला फोन हातात द्या आणि म्हणा, शनिवारी चौघांना घेऊन यायचंय, काय करशील? मग तुम्ही गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे. तो रस्ता शोधताना दोनदा वरखाली करेल, तुमच्या तोंडापर्यंत येईल, «अरे तिथं खाली आहे की», तेव्हा जीभ चावायची आणि वहीत लिहायचं. तो जिथं थांबला, जिथं चुकीचं वाचलं, तिथं मजकूर चुकलाय, मेव्हणा नाही. नंतर पुन्हा एका शनिवारचे फोन लिहा. एकोणीसचे आठ झाले तर मला कळवा. शून्य होणार नाहीत, काहींना माणसाचा आवाजच ऐकायचा असतो, आणि तुमचा ऐकण्यासारखा आहे. तुमचा नंबरही फोटोत आहे, तो अक्षरांत टाइप करा, म्हणजे बोट ठेवलं की लागेल.

आणि एक राहिलं. जेवणाच्या यादीत नाचणीची भाकरी आहे, फोटोखालच्या ओळीत बाजरीची. वहिनींना विचारून कोणती ते ठरवा आणि दोन्हीकडे तीच लिहा. मी चौघांचं खरंच ठरवतेय, डिसेंबरात.